‘डॉक्टर हू’ची सुरुवातीची ध्वनिनाट्यं पुन्हा ऐकताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेवर बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीने काढलेली जुनी ध्वनिनाट्यं बऱ्याच वर्षांनी पुन्हा ऐकायला घेतलेल्या मित्रमंडळींकडून एक वाक्य वारंवार ऐकतो: ‘तेव्हा आवडली होती, आता जमत नाहीत.’ खोदून विचारलं की सगळ्यांची गोष्ट जवळपास सारखीच निघते. एक नंबरपासून सुरुवात केली, भांडी घासताना किंवा गाडी चालवताना ऐकली, वेग सव्वापट ठेवला आणि चौथ्या नाटकाच्या आसपास सोडून दिलं. नाटकांत दोष आहेतच, ते पुढे येतील. पण इतक्या लवकर कंटाळा येतो तो बहुतेक वेळा ऐकण्याच्या पद्धतीमुळे, आणि पद्धत बदलता येते.

इथे ‘सुरुवातीची’ म्हणजे मासिक मालिकेतली पहिली ३३ नाटकं. जुलै १९९९ मधलं ‘द सायरन्स ऑफ टाइम’ पहिलं, जून २००२ मधलं ‘नेव्हरलँड’ तेहतिसावं. मालिका पुढे २७५ पर्यंत चालली, पण त्या मोठ्या ढिगाकडे आत्ता बघूच नका. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून मी सोबत क्रमांक देतोय. वहीत तेच क्रमांक उतरवून घ्या.

डॉक्टर म्हणजे काळातून प्रवास करणारा परग्रहवासी. मरणाच्या दारात तो नवं रूप घेतो आणि नट बदलतो, म्हणून त्याला क्रमांक. इथे डॉक्टर चार आहेत. पाचवा पीटर डेव्हिसन, सहावा कॉलिन बेकर, सातवा सिल्व्हेस्टर मॅकॉय आणि १६ व्या नाटकापासून येणारा आठवा पॉल मॅकगॅन.

## टप्पा १: आधी आठवण लिहा, मग नाटक लावा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुन्हा ऐकण्यातला अर्धा आनंद तिथेच जातो. नाटक लावण्याआधी पाच मिनिटं वही घेऊन बसा आणि त्या नाटकाचं जे आठवतं ते लिहून काढा. कथा नाही आठवली तरी चालेल. एखादा आवाज, एखाद्या पात्राचा सूर, तेव्हा तुम्ही कुठे बसून ऐकत होतात, एवढंही पुरतं. ‘पाऊस पडत होता आणि कुणीतरी ग्रंथालयात अडकलं होतं’ अशी एक ओळ असली तरी तिला मोल आहे.

कारण सरळ आहे. नाटक एकदा कानावर पडलं की जुनी आठवण पुसली जाते आणि मग ‘मला हे सगळं आठवत होतं’ असं वाटू लागतं. पंधरा-वीस वर्षांत तुमच्या मनाने त्या कथेचं काय केलं, हे लिहिलेल्या ओळींशिवाय कळणार नाही. मी ‘द फायर्स ऑफ व्हल्कन’बद्दल (१२) लिहिलं होतं, ‘ज्वालामुखीचा मोठा आवाज, पळापळ.’ पुन्हा ऐकलं तेव्हा लक्षात आलं की नाटकाचा बराच भाग शांत आहे. इसवी सन ७९ मधल्या पॉम्पेईतली माणसं आपापल्या रोजच्या भांडणांत गुंतलेली आहेत, आणि आपलं इथे काय होणार हे डॉक्टरला माहीत आहे, हा खरा ताण आहे. आठवणीतला स्फोट मीच मोठा केला होता.

इशारा: या टप्प्यावर कथासार वाचू नका. कलाकारांची यादीही पाहू नका. काही नाटकांत एखादं पात्र मुद्दाम लपवलेलं आहे (२१ मध्ये तर नक्कीच), आणि यादीतलं एक नाव सगळं फोडून टाकतं. यादी शेवटी वाचायची आहे.

## टप्पा २: फाइली आणि क्रम नीट लावा

सर्वांत कंटाळवाणं काम हेच, आणि सर्वाधिक घोटाळे इथेच होतात.

जुन्या सीडींवरून फाइली काढत असाल तर लक्षात ठेवा की बहुतेक नाटकं दोन सीडींवर आहेत. दोन्ही सीडींवर पहिला ट्रॅक ‘१’ च असतो. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकल्या की पहिल्या भागाचं पहिलं दृश्य, मग तिसऱ्या भागाचं पहिलं दृश्य, मग पुन्हा पहिल्या भागाचं दुसरं, असं वाजू लागतं. लेखनातच काळाची उलथापालथ आहे असं समजून माणूस अर्धा तास ऐकत बसतो. ‘डॉक्टर हू’मध्ये हा गैरसमज सहज होतो.

म्हणून सीडींसाठी:

1. प्रत्येक सीडी वेगळ्या फोल्डरमध्ये काढा.
2. फाइलच्या नावात आधी सीडीचा आणि मग ट्रॅकचा आकडा घाला, तोही दोन अंकी: ०१-०१, ०१-०२, ०२-०१. नुसते १, २, १० असे आकडे ठेवले तर पुष्कळ प्लेअर १ नंतर १० वाजवतात.
3. मगच सगळं एका फोल्डरमध्ये आणा.

बिग फिनिशकडून डाउनलोड घेतलं असेल तर काम सोपं आहे. एमपी३ आणि एमफोरबी असे दोन प्रकार मिळतात. शक्यतो एमफोरबी घ्या. ऑडिओबुकच्या प्लेअरमध्ये ती फाइल तुम्ही जिथे थांबलात ती जागा लक्षात ठेवते. एमपी३ साध्या गाण्यांच्या प्लेअरमध्ये टाकलं आणि मध्येच एखादं गाणं लावलं की जागा हरवते, आणि पुढच्या वेळी ‘इथपर्यंत ऐकलं होतं बहुतेक’ म्हणत दहा मिनिटं उडी मारली जाते. त्या दहा मिनिटांत नेमका धागा असतो.

कुठलाही मार्ग असो, शफल बंद आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. अनधिकृत अपलोडच्या वाटेला जाऊ नका. पैशाचा आणि हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय अशा प्रतींत आवाजाची पट्टी किंवा वेग अनेकदा बदललेला असतो. पीटर डेव्हिसनचा आवाज पातळ झाला आणि तुम्ही मत बनवलंत की ‘अभिनय उथळ आहे’, तर तो अन्याय त्या नटावर होतो.

तपासा: पहिल्या ट्रॅकची शेवटची दहा सेकंद आणि दुसऱ्याची पहिली दहा सलग ऐका. मध्ये टचकन खाच पडत असेल तर प्लेअरमध्ये सलग वाजवण्याची सेटिंग चालू करा. संगीताच्या मधोमध पडलेली खाच प्रसंगाचा जीव घेते.

## टप्पा ३: कान, हेडफोन आणि जागा

या नाटकांतली जागा डोळ्यांना दिसत नाही. ती डाव्या-उजव्या कानाच्या फरकातून उभी राहते. दार डावीकडे उघडतं, पावलं उजवीकडे जातात. एकच इअरफोन कानात ठेवून दुसऱ्या कानाने घरातलं ऐकत राहिलात की अर्धं नेपथ्य गेलं. हा एक बदल केला तरी पुष्कळांची तक्रार संपते.

यानंतर फोनमधल्या आणि ॲपमधल्या ‘सोयी’ बंद करा.

- शांतता कापणारी सोय बंद. पॉडकास्टसाठी ती ठीक असेल. नाटकातला दोन सेकंदांचा विराम हा संवादच असतो.
- वेग एकपट. सव्वापट वेगात सातव्या डॉक्टरचं थांबून थांबून बोलणं नष्ट होतं, आणि त्या पात्राचं रहस्य त्या थांबण्यातच आहे.
- बास वाढवणारी सेटिंग बंद. डॅलेक या डॉक्टरच्या चिलखती शत्रूंचा करकरीत, थरथरता आवाज त्यात चिखलासारखा होतो आणि शब्द कळत नाहीत.
- आवाज एका पातळीवर आणणारी सेटिंग बंद. कुजबुज कुजबुजीसारखीच यायला हवी.

जागेबद्दल. आपल्याकडे श्रुतिका घरात सगळ्यांनी मिळून ऐकायच्या, रेडिओ फळीवर आणि माणसं खाली, अशी सवय अनेक घरांत होती. त्या सवयीने ही नाटकं खोलीतल्या स्पीकरवर लावाल तर स्पीकर दोन हवेत आणि पंखा मंद. रात्री दहानंतरची वेळ उत्तम.

मी स्वतः यातली मोठी चूक केली आहे. ‘व्हिस्पर्स ऑफ टेरर’ (३) गर्दीच्या वेळी लोकलमध्ये ऐकलं. हे नाटक ध्वनींच्या संग्रहालयात घडतं, त्यातला अभिरक्षक अंध आहे आणि धोका आवाजातच दबा धरून आहे. डब्याच्या खडखडाटात मला संवाद कळले, पण ज्याला घाबरायचं ते कधी ऐकूच आलं नाही. कित्येक वर्षं मी लोकांना सांगत होतो की तिसरं नाटक साधारण आहे. अंधारात, दोन्ही कानांवर हेडफोन लावून ऐकल्यावर माझं ते मत मी मागे घेतलं.

‘द जेनोसाइड मशीन’ (७) पावसाळ्यात ऐकू नका. कथा पावसाच्या ग्रहावर आहे, आणि बाहेर पत्र्यावर सर कोसळत असेल तर कुठला पाऊस कुठला ते समजत नाही.

तपासा: डोळे मिटून एखादं दृश्य अर्धा मिनिट ऐका आणि बोलणारी माणसं कुठे उभी आहेत ते हाताने दाखवा. दाखवता आलं नाही तर हेडफोनची जोडणी, डावा-उजवा किंवा मोनो सेटिंग तपासा.

## टप्पा ४: पहिलं नाटक कानांच्या सरावासाठी वापरा

‘द सायरन्स ऑफ टाइम’पासून सुरुवात करू नका, असा सल्ला सर्रास दिला जातो. मी म्हणेन की करा, मात्र कथा म्हणून नको. त्याची रचना अशी आहे की पहिल्या भागात सातवा डॉक्टर एकटा, दुसऱ्यात पाचवा, तिसऱ्यात सहावा आणि चौथ्या भागात तिघे एकत्र. तिन्ही आवाज वेगवेगळे ओळखायला शिकवणारा यापेक्षा चांगला धडा अख्ख्या मालिकेत नाही.

तीन दिवस, रोज एक भाग. प्रत्येक भागानंतर त्या डॉक्टरच्या बोलण्याबद्दल एक ओळ लिहा: श्वास कुठे घेतो, चिडतो कसा, वाक्य कुठे सोडून देतो. चौथ्या दिवशी चौथा भाग लावा आणि तिघे एकमेकांना तोडत बोलत असताना कोण बोलतंय ते मनात म्हणत राहा. सुरुवातीला चुकेल. तसं झालं तर दुसऱ्यांदा ऐका.

कथा म्हणून हे नाटक विस्कळीत आहे आणि शेवटच्या भागात खुलासे घाईने येतात. इथे थांबून मालिकेबद्दल मत बनवू नका. बहुसंख्य लोक नेमके इथेच मत बनवतात.

इंग्रजी उच्चारांचा त्रास होत असेल तर एक उपाय करा. पात्रांची नावं कानावर पडतील तशी देवनागरीत लिहा. इंग्रजी स्पेलिंगच्या मागे लागू नका. आपली लिपी आवाज पकडते, आणि पुढच्या भागात तेच नाव आलं की कागदावर चटकन सापडतं.

## टप्पा ५: क्रमांकाने नको, जोडीने ऐका

इथे सर्वांत जास्त लोक अडखळतात. ही नाटकं महिन्याला एक या हिशेबाने आली आणि डॉक्टर आलटून पालटून आले. तेव्हाच्या श्रोत्याला मध्ये महिनाभर मिळायचा. आपण २ नंतर लगेच ३, मग ४, मग ५ लावतो, तेव्हा दर खेपेला नवा डॉक्टर, नवी सोबत, नवा सूर. कान कुठेच रुळत नाही. त्याऐवजी डॉक्टर आणि त्याची सहप्रवासी अशी एक जोडी निवडा आणि तिचा धागा सलग ऐका.

पहिला धागा: सहावा डॉक्टर आणि इव्हलिन. ६, ९, ११, २२, २३.

सुरुवात इथूनच करा. इव्हलिन स्माइथ ही पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका. मॅगी स्टेबल्सने तिला इतक्या समजुतीने उभं केलं आहे की दूरचित्रवाणीवर कर्कश वाटलेला सहावा डॉक्टर तिच्यासमोर आपोआप माणसात येतो. ‘द मेरियन कॉन्स्पिरसी’ (६) मध्ये ती आपल्या पूर्वजांच्या शोधात ट्यूडर इंग्लंडमध्ये पोचते आणि पुस्तकातला इतिहास अंगावर येतो. हे नाटक ऐकताना डॉक्टर तिला कुठे कुठे बोलू देतो, कुठे गप्प बसतो, याकडे कान ठेवा. पहिल्या वेळी आपण कथेमागे धावलेलो असतो.

‘द स्पेक्टर ऑफ लॅनयन मूर’ (९) मध्ये निकोलस कोर्टनीचा ब्रिगेडिअर, म्हणजे डॉक्टरचा जुना लष्करी मित्र, आहे. कॉर्नवॉलचा माळ, जुनं घर, अंधार. हे आरामात ऐका.

‘द अपॉकॅलिप्स एलिमेंट’ (११) बद्दल सावध करतो. हे अतिशय गोंगाटी नाटक आहे. किंकाळ्या, डॅलेक, स्फोट, सगळं एकावर एक. रात्री झोपण्यापूर्वी नको आणि दोन भाग सलगही नकोत. शिवाय ७ ऐकल्याशिवाय ११ लावू नका. ७, ११, १५ आणि ३२ या चार डॅलेक नाटकांना ‘डॅलेक एम्पायर’चे भाग म्हणून एकत्र बांधलेलं आहे, जरी प्रत्येकात जोडी वेगळी असली तरी. म्हणजे या धाग्यात ९ आणि ११ च्या मध्ये ७ घुसवावं लागतं. क्रम मोडण्याची ही एकच परवानगी.

‘ब्लडटाइड’ (२२) गॅलापागस बेटांवर, तरुण चार्ल्स डार्विनसोबत. ११ च्या गोंगाटानंतर समुद्राचा आवाज कानाला बरा वाटतो.

दुसरा धागा: पाचवा डॉक्टर. २, ४, ८, १०, १५.

यात जोड्या बदलतात. २ मध्ये टरलो, ४, १० आणि १५ मध्ये निसा, ८ मध्ये पेरी. माझं स्पष्ट मत सांगतो: हा धागा पहिल्या ३३ मधला सर्वांत कमकुवत आहे, म्हणून तो पहिला घेऊ नका. ‘फँटस्मागोरिया’ (२) १७०२ च्या लंडनमधलं, वातावरणाने छान. ‘रेड डॉन’ (८) मंगळावरचं, धीम्या गतीचं. त्यात पीटर डेव्हिसनची मुलगी जॉर्जिया मॉफेट आहे, हे कळलं की काही प्रसंग वेगळे ऐकू येतात. ‘द म्यूटंट फेज’ (१५) मध्ये काळाचे धागे एकमेकांत गुंततात. कागदावर आडवी रेघ मारून वर्षं लिहीत जा, नाहीतर चौथ्या भागात हात टेकाल.

तिसरा धागा: सातवा डॉक्टर. ५, ७, १२, १३.

७ आधीच झालं असेल. ‘द फिअरमाँगर’ (५) मध्ये राजकारण, जमाव आणि भीती आहे, आणि आज ते पहिल्यापेक्षा जास्त टोचतं. १२ बद्दल वर सांगितलंच. १३ साठी ‘डॉक्टर हू’च्या कादंबऱ्यांतून आलेल्या बर्नीस समरफिल्ड या पात्राची थोडी ओळख लागते. ती नसेल तर १३ शेवटी ठेवा.

एकटं ऐकायचं: ‘द होली टेरर’ (१४).

रॉबर्ट शिअरमनचं हे नाटक कुठल्याच धाग्यात बसत नाही. सहाव्या डॉक्टरसोबत फ्रॉबिशर आहे, पेंग्विनच्या रूपात वावरणारा रूप बदलू शकणारा जीव. पहिले दोन भाग प्रहसन वाटतात. त्या समजुतीवर मुलांना सोबत घेऊन बसू नका. पुढे जे येतं ते लहान मुलांनी ऐकण्यासारखं नाही, आणि मोठ्यांनाही दोन दिवस सोडत नाही. पुन्हा ऐकणाऱ्याला शेवट माहीत असतो, म्हणून त्याला पहिल्या भागातल्या विनोदाखाली काय पुरून ठेवलं आहे ते ऐकू येतं. माझ्या मते सगळ्या ३३ मध्ये दुसऱ्यांदा ऐकण्याचं सर्वांत मोठं फळ या नाटकात आहे.

इशारा: शिअरमनची १४, ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’ (२९) आणि पुढचं ‘जुबिली’ (४०) ही तीन सलग ऐकू नका. तिन्हींत माणसं कुठल्यातरी चक्रात अडकलेली असतात आणि हसण्यातून भयाकडे जाण्याची वाटही सारखी आहे. एकामागून एक ऐकली की वळण आधीच दिसू लागतं.

## टप्पा ६: एक नाटक कसं ऐकायचं

बहुतेक नाटकं चार भागांची, भाग साधारण अर्ध्या तासाचा. रोज एक भाग, चार दिवसांत एक नाटक. रविवारी सगळं एका बैठकीत उरकण्याचा मोह होतो, पण त्यात भागांच्या शेवटचा पेच मरतो. तो पेच लेखकाने आपण रात्रभर विचार करावा म्हणून ठेवलेला आहे. दहा सेकंदांत उत्तर मिळालं की तो निव्वळ अडथळा वाटतो, आणि लोक म्हणतात, ‘हे दर अर्ध्या तासाला उगाच ओरडतात.’

1. भागाआधी: कालच्या भागाचा शेवट दोन वाक्यांत स्वतःला सांगा. आठवत नसेल तर शेवटची तीन मिनिटं पुन्हा ऐका, अख्खा भाग नको.
2. भाग चालू असताना: हाताला काम असेल तर असं द्या ज्याला शब्द लागत नाहीत. शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या चालतील. फोन चाळणं नाही. वाचन आणि नाटक दोन्ही शब्दच मागतात, आणि दर वेळी हरतं ते नाटक.
3. शेवटच्या संगीतावर: संगीत पूर्ण वाजू द्या. त्या अर्ध्या मिनिटात पुढे काय होईल याचा अंदाज लिहा. कथा आठवत असेल तर वेगळा प्रश्न लिहा: ‘हे मला पहिल्या वेळी कळलं होतं का?’
4. चौथ्या भागानंतर: आता कलाकारांची यादी वाचा. मग टप्पा १ मध्ये लिहिलेली आठवण काढा आणि तिच्या शेजारी आजचं लिहा.

तारे किंवा गुण देऊ नका. गुण दिले की लक्षात आकडा राहतो आणि नाटक निसटतं. त्याऐवजी त्या नाटकातला एक आवाज लिहा, फक्त एक.

तपासा: दोन भाग झाले आणि मुख्य पात्रांपैकी तिघांचीही नावं सांगता येत नसतील, तर पुढे जाऊ नका. पहिला भाग पुन्हा, या वेळी कागद घेऊन.

## टप्पा ७: चार्लीचा धागा, तंतोतंत क्रमाने

वरचे धागे मागेपुढे झाले तरी नुकसान थोडं. इथे मात्र एक नाटक पुढचं-मागचं झालं की सगळं बिघडतं. क्रम असा: १६, १७, १८, १९ आणि मग २८, २९, ३०, ३१, ३२, ३३.

‘स्टॉर्म वॉर्निंग’ (१६) जानेवारी २००१ मध्ये आलं आणि पॉल मॅकगॅनचा डॉक्टर १९९६ च्या चित्रपटानंतर पहिल्यांदा परतला. नाटक घडतं आर१०१ या खऱ्याखुऱ्या ब्रिटिश हवाई जहाजावर. ते जहाज ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून निघालं आणि ५ ऑक्टोबरला पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली. त्याला जायचं होतं कराचीला, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती. हे जहाज आपल्या दिशेने येत होतं हे मनात ठेवून ऐका. पहिल्या वेळी मला हे माहीत नव्हतं, आणि दुसऱ्या वेळी वादळाचा प्रत्येक आवाज वेगळा लागला.

या जहाजावर चोरून चढलेली शार्लट पोलार्ड, म्हणजे चार्ली, डॉक्टरसोबत निघते. ती जिवंत असायला हवी होती का, हा प्रश्न १६ मध्ये उभा राहतो आणि ३३ पर्यंत सुटत नाही. मधली नाटकं स्वतंत्र वाटली तरी त्यांच्या तळाशी हाच प्रश्न वाहत असतो. म्हणूनच ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’ (२९) एकटं ऐकण्याची चूक करू नका. ते सर्वोत्तम आहे म्हणून लोक तेवढंच लावतात. १६ ताजं नसेल तर २९ एक चांगली भुताची गोष्ट म्हणून संपतं. ताजं असेल तर शेवटचा भाग ऐकताना घशाशी आवंढा येतो.

या धाग्यात चार ठिकाणी जपा.

१० आणि १६ मध्ये निदान दोन आठवडे अंतर ठेवा. चार्लीचं काम करणारी इंडिया फिशर ‘विंटर फॉर द अडेप्ट’ (१०) मध्ये दुसऱ्याच भूमिकेत आहे. स्विस आल्प्समधल्या शाळेतली ती मुलगी कानात ताजी असताना चार्ली भेटली तर दोघी मिसळतात.

‘मिन्युएट इन हेल’ (१९) लांबलं आहे आणि त्यातले अमेरिकन उच्चार कानाला खटकतात. वगळू नका. अर्धा-अर्धा भाग करून ऐका. मॅकगॅनने इथे जे केलं आहे ते जपण्यासारखं आहे.

१९ आणि २८ मध्ये बाकीचे डॉक्टर येतात, तिथे मोकळा श्वास घ्या. २५ घेतलंत तर तयारीने घ्या: ‘कोल्डिट्झ’मध्ये डेव्हिड टेनंट एका नाझी सैनिकाच्या भूमिकेत आहे, पुढे दहावा डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधी. त्याचा आवाज ओळखण्याच्या नादात पहिला भाग हातचा जातो. म्हणून आधीच सांगून ठेवलं.

‘एम्ब्रेस द डार्कनेस’ (३१) दिवे घालवून. ३२ मध्ये डॅलेकांचा धागा चार्लीच्या धाग्याला येऊन मिळतो, तोवर ७, ११, १५ झालेली असू द्या.

तपासा: ३३ लावण्याआधी १६ चा शेवटचा भाग पुन्हा ऐका. अर्धा तास जाईल, पण ३३ मधला प्रत्येक संदर्भ जागेवर बसेल.

## टप्पा ८: ‘नेव्हरलँड’नंतर

३३ चा शेवट तुम्हाला सरळ ‘झेग्रियस’कडे (५०) ढकलेल. थांबा. तेव्हाच्या श्रोत्यांना जून २००२ पासून नोव्हेंबर २००३ पर्यंत वाट पाहावी लागली होती. तुम्ही निदान पंधरा दिवस तरी पाहा. ते तीन सीडींचं, जवळपास चार तासांचं नाटक आहे, आणि ३३ च्या थकव्यात लावलं तर पहिल्या तासाच्या पुढे जाववत नाही.

त्या पंधरा दिवसांत वही चाळा आणि टप्पा ४ मधल्या तीन ओळी शोधा: पाचव्या, सहाव्या, सातव्या डॉक्टरच्या बोलण्याबद्दल लिहिलेल्या. ‘झेग्रियस’ लावण्याच्या आदल्या रात्री ‘द सायरन्स ऑफ टाइम’चा चौथा भाग पुन्हा ऐका. ‘झेग्रियस’मध्ये ते तिघेही नट आहेत, पण डेव्हिसन, बेकर आणि मॅकॉय तिथे वेगळीच माणसं होऊन येतात. कोण कुठे आहे ते कानानेच शोधायचं आहे.